सोसायटीच्या रस्त्याला सीलकोट: 3 ड्रममध्ये 1 मिमी थर बसतो का?

नाशिकची_सेक्रेटरी:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीचा आतला डांबरी रस्ता आणि पार्किंग मिळून 840 चौरस मीटर भरतं, मी स्वतः टेप धरून मोजलंय. डांबर पांढरट पडलंय, गेटपाशी खडी उघडी पडलीये. पावसाआधी वरून सीलकोट, म्हणजे डांबर जपणारा पातळ काळा थर, मारून घ्यायचाय. कोटेशनमध्ये लिहिलंय, "डांबर इमल्शनचा सीलकोट, दोन हात, 1 मिमी थर, 200 लिटरचे 3 ड्रम." सभेत एका काकांनी विचारलं, खरंच 1 मिमी बसतो का? मला उत्तर देता आलं नाही. वर ठेकेदार म्हणतो, माल घट्ट असतो, पाणी घालावंच लागतं. पैसा सगळ्यांच्या वर्गणीचा आहे, म्हणून विचारतेय.

साइटवरचा_माणूस:
ताई, काकांनी अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. 1 लिटर माल 1 चौरस मीटरवर सारखा पसरला की थर होतो बरोबर 1 मिमी. तुमचे 600 लिटर भागिले 840, म्हणजे दोन्ही हात धरून 0.71 मिमी. आणि तोही ओला, कारण इमल्शन म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर.

पाणी उडून गेल्यावर उरतो तो खरा थर. मालाची डेटाशीट मागून घ्या. तिच्यात "सॉलिड्स 50 टक्के" (सॉलिड्स म्हणजे पाणी सोडून उरणारा माल) असं काही असेल तर ते वजनाने की घनफळाने हे बघा, बहुतेक वेळा वजनाने असतं. समजा 1 लिटर माल 1.2 किलो भरतो. त्यात निम्मं, म्हणजे 600 ग्रॅम पाणी. पाण्याचे 600 ग्रॅम म्हणजे 600 मिली, तेव्हा लिटरमागे खाली बसणार फक्त 400 मिली. 0.71 गुणिले 0.4, सुका थर जेमतेम 0.29 मिमी. सुका 1 मिमी हवा असेल तर 2100 लिटर, साडेदहा ड्रम लागतील.

पण 1 मिमीचा हट्ट धरू नका. जाड थर दिला की वरून साय धरते, खाली ओल अडकते आणि गाडीने स्टिअरिंग फिरवलं की सोलून निघतं. पातळ दोन हातच बरे. कोटेशनमधून मिलिमीटर काढा आणि लिटर लिहून घ्या: पाणी न घातलेला माल, चौरस मीटरला इतका.

पाण्याला घाबरू नका. तिन्ही ड्रम तुमच्याच रस्त्यावर रिकामे झाले तर पाण्याने सुका थर कमी होत नाही. दोनच ड्रममध्ये पाणी वाढवून काम भागवलं, की थर 0.19 वर येतो, आणि त्या दिवशी दोन्ही रस्ते सारखेच काळेभोर दिसतात. एका कामावर मी ड्रम न मोजता नुसता काळा रंग बघून सही केली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात चाकांच्या वाटेवर खडी दिसायला लागली. ते मला अजून लागतं.

खडूने 10 बाय 10 मीटरचा चौकोन आखा. एका हाताला तिथे 36 लिटर मूळ माल जायला हवा, 20 लिटरच्या दोन बादल्यांना थोडा कमी.

डांबरगल्ली:
वरच्या हिशोबात भर एवढीच: 0.29 ही सरासरी. उघड्या खडीवर माल खाचांत उतरतो आणि खडीच्या टोकांवर नावापुरता राहतो. भेगा आणि खड्डे आधी भरून घ्या, ते सीलकोटचं काम नाही. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको, आणि ढग दाटलेले असतील तर ड्रम उघडूच देऊ नका.

नाशिकची_सेक्रेटरी:
दादा, खूप आभार. कोटेशन बदलून घेतलं: एकूण 600 लिटर मूळ माल, सील आमच्यासमोर फोडायचं, रिकामे ड्रम बिल होईपर्यंत आवारातच. ठेकेदाराने कुरकुर केली नाही.

रविवारी पहिला हात झाला. दोन चौकोन आखले होते. मागच्या पार्किंगमध्ये 31 लिटर लागले, गेटपाशी 45. वायपर ओढला की माल खडीच्या फटींत उतरताना डोळ्यांना दिसत होता. दुसऱ्या हाताला गेटपाशी जास्त लागला तर कमी पडू नये म्हणून अर्ध्या ड्रमची मंजुरी कमिटीकडून आजच घेतली.