पहिली-दुसरी एकाच खोलीत: दिवस कसा लावायचा, आणि सूचना किती वेळा द्यायच्या?

पाटीपेन्सिल विचारते:
द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडे पहिलीची ९ आणि दुसरीची १४ मुलं, एकच खोली, एकच फळा. पहिलीला अक्षर द्यायला बसलं की दुसरीतून "बाई, झालं", "बाई, टोक मोडलं", "बाई, शूला जाऊ?" सुरू होतं. शेवटची वीस मिनिटं गृहपाठ सांगण्यात जातात, तरी दुसऱ्या दिवशी निम्म्यांच्या वह्या घरीच. त्यात दुसरीला हातच्याची बेरीज काढलीय, आणि 'बावन्न' सांगितलं की पाच-सहा जण २५ लिहितात. वेळापत्रक ३५ मिनिटांच्या तासिकांचं आहे, ते काही जमत नाही. तुम्ही कसं लावता?

द्विशिक्षकी:
३५ मिनिटांची तासिका एका इयत्तेच्या वर्गासाठी असते. ६० पटापर्यंत दोनच शिक्षक म्हटल्यावर जोडवर्ग आलाच, तेव्हा दिवस १५-२० मिनिटांच्या तुकड्यांत तोडा. एक इयत्ता 'बाईंसोबत', दुसरी 'आपापलं'. मग अदलाबदल.

सगळी गोम 'आपापलं'मध्ये आहे. तिथे नवीन काही द्यायचं नाही, काल शिकवून झालेलंच द्यायचं. नवीन दिलं की मुलं एक तर उठून येतात, नाहीतर चुकीचंच पंधरा मिनिटं घोटतात, आणि ते पुसायला दोन दिवस जातात. काम किती तेही ठरवून द्या. 'धडा लिहा' म्हटलं की कुणी दोन ओळी लिहितो, कुणी पान भरतो. 'पाच ओळी, मग जोडीदाराला वाचून दाखव' हे काम मोजता येतं. लवकर आटोपणाऱ्यांसाठी खोक्यात शब्दकार्डं ठेवा: झालं की कार्ड उचलायचं, त्यावरच्या शब्दाचं वाक्य पाटीवर लिहायचं. "बाई, झालं" म्हणायला यायचं नाही, हा नियम पहिल्या आठवड्यात कडक पाळला तर पुढे तोंड दुखत नाही.

पहिलीच्या अक्षराला वीस मिनिटं पुष्कळ झाली. आधी आवाज आणि शब्द ('म' असेल तर मका, मगर वगैरे), मग हवेत बोटाने, मग धुळपाटीवर, शेवटी पाटीवर दहा वेळा. दहाच्या पुढे वळण घसरत जातं, तेव्हा पानभर गिरवून घेऊ नका. आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: मूल शिरोरेषा आधी ओढतं का? आधी रेघ ओढून अक्षर खाली टांगलं की भ चा म होतो, ध चा घ, थ चा य. या तिघांची रेघ डावीकडे तुटलेली असते. अक्षर आधी, रेघ शेवटी, आणि या अक्षरांना रेघ कुठून सुरू करायची ते बोट ठेवून दाखवायचं. ही सवय पहिलीत लागली नाही तर चौथीतही 'धर'चं 'घर' होतं.

डस्टर:
सूचनांबद्दल. जी सूचना रोज द्यावी लागते तिला तोंडाऐवजी जागा द्या.

टोक: दोन डबे, एकात टोक केलेल्या पेन्सिली, दुसऱ्यात मोडलेल्या. मोडली की न विचारता बदलायची. टोक करणं जेवणाच्या सुट्टीत, त्या दिवसाचे दोन मदतनीस, डब्यावर धरूनच. शू: दारापाशी खिळ्यावर दोन लाकडी पट्ट्या, एक मुलींची, एक मुलांची. पट्टी जागेवर असेल तर घ्या आणि जा, विचारायचं नाही. मात्र पहिलीच्या मुलाला पट्टीसाठी थांबवू नका, त्याला कळ आली की आलीच.

गृहपाठ संध्याकाळी सांगायचाच नाही. सकाळीच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहा. दुसरी जेवणानंतर उतरवून घेते. पहिलीला लिहिता येत नाही, तर पुस्तकात त्या पानावर सुतळीचा तुकडा. सुटताना एकच आठवण, तीही उद्याच्या एकाच गोष्टीची, आणि ती तुम्ही सांगायची नाही, विचारायची: "उद्या काय आणायचं?" मागच्या रांगेतल्याने सांगितलं म्हणजे पोचलं. पालकांच्या व्हॉट्सअपवर रोज गृहपाठ टाकू नका. फोन बापाबरोबर शेतात असतो, आणि रोजच्या माऱ्यात सुट्टीची सूचनाही कुणी वाचत नाही.

जेवणाआधी हात धुवायला एका नळावर २३ मुलं म्हणजे गोंधळ. पहिलीच्या मुलांना पाच मिनिटं आधी सोडा. लोहाची गुलाबी गोळी जेवणानंतरच, आणि तुमच्या समोर. उपाशीपोटी दिली की मळमळतं, मग पुढच्या आठवड्यात कुणी घेत नाही.

गठ्ठे_सुटे:
बावन्नाचा दोष मुलांचा नाही. आपण 'बा' आधी बोलतो, 'वन्न' नंतर, आणि मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचन आलं तेव्हा त्याची खूप टिंगल झाली, पण पायरी म्हणून ते उपयोगी आहे. पायरीवरच बसून राहू नका इतकंच.

खराट्याच्या काड्या, दहादहाचे गठ्ठे, रबर लावून. 'बावन्न' म्हटलं की आधी पाच गठ्ठे उचलायचे, मग दोन सुट्या. तोंडाने "पन्नास आणि दोन, बावन्न". लिहायचं त्यानंतर. 'एकोणतीस'ला 'तीस' ऐकून ३९ लिहितात. तिथे तीन गठ्ठे मांडून एक काडी काढून घ्यायची: एक उणे तीस. १९ ते ८९ सगळीकडे हे चालतं, फक्त ९९ ला 'नव्व्याण्णव' हा अपवाद.

हातचा याच्या आधी सुरू करू नका. २७ + १५ मध्ये मुलं ३१२ लिहितात, कारण ७ आणि ५ चे १२ पूर्णच खाली उतरतात. काड्यांवर बारा सुट्या झाल्या की दहाला रबर लावून गठ्ठ्यांच्या बाजूला सरकवायचा. तो सरकवलेला गठ्ठा म्हणजेच वरचा १. हे हाताने झाल्यावर उलटी चूक येते: जिथे तिथे हातचा धरतात. म्हणून पाच गणितांत दोन बिनहातच्याची घाला, आणि तीही मध्येच.

पाटीपेन्सिल:
डब्यांचं आणि पट्ट्यांचं उद्यापासून करते. दोन्ही इयत्ता एकत्र बसवायच्याच नाहीत का?

द्विशिक्षकी:
बसवा की. परिपाठ, गोष्ट, गाणी, तोंडी गणित एकत्रच. हजेरीसुद्धा: मुली १२ आल्या, मुलगे ९, पट २३. पहिलीने काड्या मोजून एकूण सांगायचे, दुसरीने गैरहजर किती ते वजाबाकीने. तो आकडा दुसरीतल्या एकाने स्वयंपाकघरात नेऊन सांगायचा. तांदूळ माणशी १०० ग्रॅम, म्हणजे २१ ला दोन किलो शंभर. महिनाभरात हा हिशोब मुलं तुमच्याआधी सांगतील.