पोकरला मटका म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

सत्तीवाला
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "ऑनलाइन पोकर म्हणजे मोबाइलवरचा मटका. जिंकणारा गाढव, हरणारा महागाढव." तेव्हापासून डोकं फिरलंय. मी जिंकलोय, म्हणजे या गाढवाचं थोडं ऐकाच.

फेब्रुवारी 2024. पैशांच्या ऑनलाइन खेळांवरच्या बंदीच्या आधीची गोष्ट आहे, उगाच कायदा शिकवायला येऊ नका. प्रवेश 220 रुपये. त्यातले 200 बक्षिसात, 20 साइटला. 212 जण बसले होते. रात्री नऊला सुरू झालेलं एक वाजून दहा मिनिटांनी संपलं. पहिले दोन तास मी काय केलं? पानं टाकली, म्हणजे डाव सोडत राहिलो. बायको म्हणाली, "नुसता टाकतोयस तर खेळतोस कशाला?" अहो, तोच तर खेळ आहे! पैसे पहिल्या 27 जणांना होते. तीस उरले तशी सगळ्यांची कासवं झाली, आधी दुसरा मरू दे म्हणून. तिथे मी हातात कचरा घेऊन सहा-सात वेळा ब्लाइंड चोरले, म्हणजे पैज वाढवून बाकीच्यांना पानं टाकायला लावली आणि पानं बघण्याआधीच सक्तीने लावलेले त्यांचे चिप्स उचलले. एकही पान न दाखवता चिप्स जवळजवळ दुप्पट. मटक्यात करून दाखवा हे.

शेवटी दोघं राहिलो. माझ्याकडे सत्त्यांची जोडी, त्याच्याकडे एक्का-राजा, सगळे चिप्स मध्ये. टेबलावर उघडलेल्या पानांत त्याला काहीच लागलं नाही. 8,480 रुपये!

खडूसकाका
ते गाढव मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. सत्त्यांची जोडी विरुद्ध एक्का-राजा म्हणजे 55-45. नाणं उडवलंत की हो! आणि फायनल टेबलवर काय झालं ते बरं गाळलंत?

सत्तीवाला
गाळलं, बरं. नऊ जण असताना माझी एक्का-नव्वी, समोर दोन राजे. दहात तीनदा सुटतो माणूस. शेवटच्या पानाला एक्का आला. झालं समाधान? पण तिथवर टिकलो तेव्हाच तो एक्का भेटला ना.

पाटल्यांचा हिशेब
आमचे भावोजीही पहिल्यांदा जिंकलेच होते. रमी, 11 हजार. सगळ्यांना पेढे वाटले. दीड वर्षानंतर ताई लग्नाला आली ती मोकळ्या मनगटांनी. पाटल्या पॉलिशला दिल्यात म्हणाली. तुमच्या त्या 'कौशल्यावर' माझा राग नाही, पण साडेआठ हजारांची गोष्ट इतकी रंगवून सांगू नका. ती वाचणाऱ्यांत एखादा भावोजी असतो.

सत्तीवाला
ताई, वाईट वाटलं, खरंच. पण रमीचं खापर माझ्या डोक्यावर का?

वकील_पण_बेकार
रमीचं खापर फोडायचं तर सुप्रीम कोर्टापासून फोडा. 1967 साली त्यांनीच रमी मुख्यतः कौशल्याची ठरवली. तीन पत्तीला मात्र निव्वळ नशीब म्हटलं. पोकरवर एकमत कधीच नव्हतं. गुजरात हायकोर्टाने 2017 साली पोकर सरळ जुगारात टाकला. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने तर तो वादच निकालात काढला. पैसे लावून ऑनलाइन खेळ असेल तर बंद, मग नशीब असो की अक्कल. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. तेव्हा हा धागा म्हणजे मढ्याचं औषधपाणी.

एफअँडओग्रस्त
आणि शेअर बाजार? 2024 मध्ये सेबीनेच सांगितलं की एफअँडओत, म्हणजे फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या वायद्यांत, तीन वर्षांत 93 टक्के लोक तोट्यात. मी त्यातलाच. तिथे कुणाला पाटल्या आठवत नाहीत. टाय लावला की गुंतवणूक, बनियनवर बसला की जुगार!

खडूसकाका
तुमचं दुःख वेगळ्या धाग्यावर मांडा. सत्तीवाले, सोपा प्रश्न. त्या वर्षी खात्यात एकूण किती भरलेत?

सत्तीवाला
...6,000.

खडूसकाका
म्हणजे 2,480 वर आले. त्यावर 30 टक्के टीडीएस, 744. उरले 1,736. वर्षभर रात्री जागून! साइटला त्या एका रात्री 4,240 मिळाले, एकही पान न उचलता. कौशल्य कुणाचं ते कळलं.

मनीमेकरभक्त
काका, 2003 साली क्रिस मनीमेकर 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे पात्रता स्पर्धेतून, पोकरच्या वर्ल्ड सिरीजला गेला आणि 25 लाख डॉलर घेऊन आला. साधा अकाउंटंट होता.

खडूसकाका
839 जण होते तिथे. उरलेल्या 838 जणांची आडनावं सांगा, मग बोलू.

रात्रपाळी_कोकण
एवढं पोकर पोकर कशाला? गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट खेळा. चारही दश्शा धरल्यावर जी आरोळी उठते ती कुठल्या मोबाइलवर येते? शिवाय बंद हुकूम, म्हणजे हुकमाचं पान पालथं लपवलेलं. हुकूम उघडायला लावला की हुकूमच टाकायचा, तिथे लपवाछपवी नाही.

घाटावरचा
कुणी सांगितलं? उघडायला लावला तरी हुकूम टाकायची सक्ती नाही. आमच्याकडे कधीच नव्हती.

रात्रपाळी_कोकण
मग तुमच्याकडे मेंढीकोट खेळत नाहीत, गंमत करतात.

घाटावरचा
माझे आजोबा चाळीस वर्षं असंच खेळले. आजोबांवर जाऊ नका.

वकील_पण_बेकार
घाटावरच्यांशी सहमत नाही. उघडायचा कशासाठी मग? नुसता बघायला?

घाटावरचा
हो, बघायला! माहिती काढून घेणं ही चालच आहे. वर तो सत्तीवाला दोन तास तेच सांगतोय.

सत्तीवाला
धन्यवाद. एक तरी माणूस.

रात्रपाळी_कोकण
हुकूम हातात असून दाबून ठेवायचा याला आमच्याकडे रडी म्हणतात.

पाटल्यांचा हिशेब
आमच्याकडेही सक्ती होती. भावोजीच सांगायचे. मेंढीकोटात ते कधी हरायचे नाहीत. पैसे नसायचे ना त्यात.

खडूसकाका
सत्तीवाले, ब्लाइंड चोरलेत ते मान्य. ते मटक्यात जमत नाही. महागाढव मागे घेतो, गाढव राहू द्या.

सत्तीवाला
चालेल. 1,736 रुपयांचं गाढव.

घाटावरचा
हुकमाचं काय ठरलं?