मदत हवी आहे: १४ वर्षांच्या मुलाची २५ मिनिटांची आंघोळ

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. विषय ऐकून हसाल, पण आमच्याकडे सध्या सकाळची सगळी भांडणं याच एका गोष्टीवरून होतात.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला, सिडकोत राहतो. घरात पाच माणसं: मी, नवरा, सासूबाई, मुलगा (१४, नववीत) आणि मुलगी (९). बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमचं पाणी पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून येतं. पण धरण भरलं म्हणजे नळाला रोज पाणी आलं, असं इथे नसतं. आमच्या गल्लीत सध्या आठव्या दिवशी येतं. त्या दिवशी बाकीची कामं सोडून हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची. हौद ३००० लिटरचा, टाकी १००० ची. म्हणजे ४००० लिटरमध्ये पाच माणसांचे आठ दिवस. माणशी रोज १०० लिटर, त्यातच कपडे, भांडी, संडास, फरशी सगळं आलं.

चिरंजीवांची आंघोळ २५ मिनिटं चालते. शॉवर एकदा सोडला की साबण लावतानाही बंद होत नाही. मागच्या रविवारी मी शॉवरखाली १८ लिटरची बादली ठेवून मोबाइलवर वेळ लावली. बरोबर तीन मिनिटांत भरली. मिनिटाला ६ लिटर, म्हणजे पंचवीस मिनिटांचे १५०, आठ दिवसांचे १२००. एकटा मुलगा गच्चीवरची अख्खी टाकी संपवून वर हौदातलंही दोनशे लिटर घेतो!

गॅस गीझर असल्यामुळे गरम पाणी संपतही नाही. वीस मिनिटांनी गीझर आपोआप बंद पडतो, पण साहेबांना युक्ती सापडली आहे. नळ बंद करून परत सोडला की झाला चालू. सिलिंडर महिनाभर जायचा, तो आता बावीस दिवसांत संपतो. आणि इतकं करून बाहेर आला की ताजातवाना म्हणाल, तर तेही नाही. डोकं जड झालंय म्हणून पुन्हा आडवा पडतो, आणि शाळेची रिक्षा दारात हॉर्न वाजवत असते.

करून पाहिलेले उपाय: दार वाजवणे (हे खातं सासूबाईंकडे), टाकीचा कॉक बंद करणे (डोक्याला शांपू लावलेला असताना, दोन दिवस अबोला), मोबाइलचा गजर (ऐकूच आला नाही म्हणे). आता धाकटीही "दादाला चालतं, मग मला का नाही" म्हणायला लागली आहे.

मर्यादा घालायला हवी हे पटतंय. पण किती मिनिटांची, आणि ती पाळून कशी घ्यायची? आरडाओरडा करून थकले. या वयाची मुलं असलेल्यांनी अनुभव सांगा.

खडीसाखर:
शॉवर काढा, तिथे बूच मारा. बादली आणि मग. प्रश्न मिटला.

धागाकर्ती:
@खडीसाखर, नवराही हेच म्हणतो. पण घर बांधताना शॉवरचा हट्ट माझा होता हो. आता कोणत्या तोंडाने काढू?

तीन_पोरांचा_बाप:
आम्ही गाण्यांचा प्रयोग केला होता. दोन गाणी संपली की बाहेर यायचं, गाणी ज्याची त्याने निवडायची. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी मधल्याने अकरा मिनिटांचं भजन शोधून काढलं. घरात कधी हात न जोडणारा मुलगा! त्यामुळे नियम करणार असाल तर मिनिटांत करा, गाण्यांत नको. आमच्याकडे आता आठ मिनिटं आहेत, आणि साबण लावताना पाणी बंद. खरी बचत त्या बंद करण्यातच होते.

नदीकाठची:
मी ब्रिस्बेनला असते. इथे २००७ च्या दुष्काळात माणशी दिवसाला १४० लिटरचं उद्दिष्ट ठेवलं होतं आणि शॉवरसाठी चार मिनिटांची छोटी घड्याळं घरोघरी वाटली होती. आमच्या घरात पूर्वीच्या भाडेकरूने सोडलेलं एक अजून टाइल्सला चिकटलेलं आहे. मुलांना ते आवडतं, कारण वाळू पडताना दिसते, कोणी ओरडत नाही. पण तुमचा हिशोब वाचून ओशाळले. इथे १४० म्हणजे काटकसर होती, तुम्ही १०० मध्ये घर चालवताय.

मांजराकाठ:
आम्ही लातूरचे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते माझ्या पोरांनी पाहिलंय. तेव्हा घमेल्यात उभं राहून आंघोळ, तेच पाणी संडासला. आता ती मुलं कॉलेजात आहेत आणि अर्धा अर्धा तास शॉवर घेतात. पाहिलेलं लक्षात राहतंच असं नाही, हे आपलं माझ्या समाधानासाठी सांगतोय.

पान्हा_पकड:
ताई, आंघोळीचं नंतर बघू. आधी सांगा, गीझर कुठे बसवलाय? बाथरूमच्या आत का? आणि खिडकी उघडी असते का?

धागाकर्ती:
हो, आतच, दाराच्या वर. खिडकी आहे छोटी, जाळीची. थंडीत वारा लागतो म्हणून सासूबाईंनी दिवाळीपासून पुठ्ठा लावला आहे. का?

पान्हा_पकड:
आत्ता उठून तो पुठ्ठा काढा आणि गीझरचा गॅस बंद करा. मग पुढचं वाचा. मी पंचवीस वर्षं फिटिंगची कामं करतो, घाबरवायला लिहीत नाही.

गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या बाथरूममध्ये ती कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. सिलिंडर गळला की जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला तो नसतो, त्यामुळे "वास आला असता तर कळलं असतं" या भरवशावर राहू नका. रक्त ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने याला धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि त्यानंतर माणूस आतल्या आत कोसळतो. दाराला आतून कडी. हाका मारणाऱ्याला वाटतं, नेहमीसारखा उशीर करतोय.

तुम्ही लिहिलंय की बाहेर आला की डोकं जड होतं म्हणून झोपतो. तो आळस असेलही. पण मला ते वाचून चैन पडेना.

आणि ती वीस मिनिटांची युक्ती. गीझर वीस मिनिटांनी बंद पडतो तो सिलिंडर वाचावा म्हणून नव्हे, कोणी आत इतका वेळ राहू नये म्हणून. पोरगं रोज तेच रद्द करतंय.

गीझर बाहेर, उघड्या जागेत हलवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. पंखा बसवून भागेल का असं सगळे विचारतात. त्यावर विसंबू नका. मुलाला डॉक्टरांना दाखवा आणि दाखवताना गीझरचं आवर्जून सांगा, नाहीतर ते डोकेदुखीची गोळी देतील. कडीसुद्धा बाहेरून उघडता येईल अशी बसवा.

धागाकर्ती:
पुठ्ठा काढला. गॅस बंद केला. हात थरथरतायत. नंतर लिहिते.

निंबोणी:
बापरे. मी भलतंच लिहायला आले होते, पण लिहून ठेवते, सवडीने वाचा.

मुलाला स्वतःची खोली आहे का? नसेल तर विचार करा, तुमच्या घरात आतून कडी लावून बसता येईल अशी दुसरी जागा कुठली? माझी मुलगी तेरा वर्षांची असताना तासभर बाथरूममध्ये असायची. ती आजीच्या खोलीत झोपायची, अभ्यास हॉलमध्ये, टीव्ही चालू. मी पाण्यावरून भांडत होते आणि तिला हवा होता एकांत. या वयात तो का हवा हे विचारायचं नसतं, आणि दाराबाहेरून चिडवायचं तर मुळीच नसतं. दार वाजवल्याने ती अजूनच उशिरा यायची. तिला गॅलरीत पडदा लावून कोपरा करून दिला, आंघोळ आपोआप पंधरा मिनिटांवर आली. पंधरा पण जास्तच, पण भांडण थांबलं.

धागाकर्ती (बारा दिवसांनी):
आधी @पान्हा_पकड, दादा, तुमचे उपकार कसे फेडू. डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी तपासलं, मुलगा ठीक आहे. गीझर त्यांनीही बाहेर घ्यायला सांगितला. आता गीझर मागे, आम्ही कपडे धुतो त्या उघड्या जागेत आहे. सासूबाईंना पुठ्ठ्याचं फार लागलं. त्यांना काहीच बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. मलाही कुठे माहीत होतं?

गीझर हलवेपर्यंत आठ दिवस पातेल्यात पाणी तापवून बादलीने आंघोळी झाल्या. मुलगा सात मिनिटांत बाहेर! आणि डोकं जड झाल्याची तक्रार एकदाही नाही.

@निंबोणी, तो सासूबाईंच्याच खोलीत झोपतो. तुमचं वाचून गच्चीवरची अडगळीची खोली रिकामी केली. रोज संध्याकाळी सात ते आठ ती त्याची. आतून कडी लावायची, कोणी हाक मारायची नाही. पहिल्या दिवशी काय करत होतास म्हणून विचारायला मी तोंड उघडलं होतं, नवऱ्याने खुणेने गप्प केलं.

आता शॉवर परत सुरू झालाय. रोज दहा मिनिटं ठरली. बादली ठेवून मोजायचं काम यावेळी त्यालाच दिलं, तर त्याने वहीत हिशोब मांडून उलट अर्ज केला: रोजचे दहा म्हणजे आठ दिवसांचे ८० मिनिटं, ४८० लिटर. ते मला एकदम द्या. वीस वीस मिनिटांचे चार शॉवर घेईन, गीझर बंद पडला की बाहेर येईन, आणि उरलेले चार दिवस आंघोळच करणार नाही. हिशोबात चूक काढता येत नाहीये. नवरा म्हणतो देऊन टाक. सासूबाई म्हणतात, चार चार दिवस पारोसा फिरणार का घरात? देवघराच्या खोलीतच झोपतो तो.

काय करू?

तीन_पोरांचा_बाप:
अर्ज मंजूर करू नका. माझा मधला हे वाचतोय.

खडीसाखर:
आजींचं बरोबर आहे.