‘द स्लँट्स’ खटला: शिवीला ट्रेडमार्क द्यायला हवा होता का?

तिहाई (धागाकर्ता)
ओरेगनमधल्या पोर्टलंडचा ‘द स्लँट्स’ हा आशियाई वंशाच्या वादकांचा बँड. ‘स्लँट’ म्हणजे डोळ्यांच्या ठेवणीवरून आशियाई लोकांना हिणवणारी शिवी. सायमन टॅमने २००६ मध्ये बँड काढला तेव्हा ती मुद्दाम नावात घेतली, हिणवणाऱ्यांकडून हिसकावून अभिमानाने मिरवायला. २०११ चा नोंदणी अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाने फेटाळला, कारण १९४६ च्या लॅनहॅम कायद्यात मानहानीकारक नावांना मनाई होती. १९ जून २०१७ ला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ८-० ने ती तरतूदच घटनाबाह्य ठरवली. माझ्या मते उत्तम झालं.

अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाची तऱ्हा बघा. शब्दाचा साधा अर्थ ‘तिरकस’. अर्जात आशियाई असं काहीच नव्हतं. मग त्याने बँडची वेबसाइट उघडली, तिथे ड्रॅगन आणि उगवता सूर्य दिसला, आणि ठरवलं की ही शिवीच. हेच नाव गोऱ्या पोरांनी मागितलं असतं तर बहुधा सुखाने मिळालं असतं!

खडूस_वकील
असहमत. परीक्षक मनाला येईल तसा वागला नाही, कसोटीच तशी होती. आधी बाजारातल्या वापरावरून शब्दाचा अर्थ ठरवायचा, मग त्या समाजातल्या लक्षणीय गटाला तो अपमान वाटतो का ते बघायचं. बहुमत लागत नसे आणि अर्जदाराचा हेतू मोजला जात नसे. नावावरून एक कार्यक्रम रद्द झाल्याची नोंदही फाइलीत होती. अख्ख्या समाजाचं मुखत्यारपत्र या चार-पाच जणांना दिलं कुणी?

शिवाय नोंदणी नाकारली म्हणजे बंदी आली असं नव्हे. पोस्टर, टी-शर्ट, गाणी सगळं चालूच होतं.

ढोलकी_डॉट_कॉम
वकीलसाहेब, कागदावर बरोबर. पण छोट्या बँडची मिळकत म्हणजे नावच. नोंदणी असेल तर हक्क देशभर गृहीत धरला जातो, नकली माल कस्टममध्ये अडवता येतो, ५ वर्षं सलग वापरानंतर नावाला आव्हान देणं अवघड होतं. नसेल तर तुम्ही कुठे आणि कधीपासून वाजवताय हे तिकिटं-पोस्टर जमवून सिद्ध करत बसा. त्यात दौरा संपतो आणि वकिलाचं बिल तेवढं उरतं.

सडेतोड
आणि त्या निकालाचा मलिदा कुणी खाल्ला? वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने! अमेरिकेतल्या मूलनिवासींना हिणवणाऱ्या ‘रेडस्किन्स’ या त्यांच्या नावाच्या ६ नोंदण्या २०१४ मध्ये रद्द झाल्या होत्या. मूलनिवासी कार्यकर्ते १९९२ पासून भांडत होते. स्लँट्सच्या निकालाने ते सगळं पाण्यात गेलं. शिवी परत मिळवणारे आणि शिवीवर धंदा करणारे एकाच दारातून आत आले.

तिहाई
@सडेतोड, पण ते नाव जुलै २०२० मध्ये गेलंच ना? फेडेक्स या कुरियर कंपनीसारख्या प्रायोजकांनी कान पिळल्यावर. सरकारी शिक्क्याने नव्हे.

सडेतोड
गेलं, पण पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या हत्येनंतर देश पेटल्यावर. तोवरची वर्षं कोणाच्या खात्यात मांडायची?

कोमल_निषाद
दोघेही मूळ मुद्दा चुकवताय. परत मिळवलेली शिवी कोण उच्चारतो त्यावर चालते. मे २०१८ मध्ये अलाबामातल्या गल्फ शोअर्सच्या महोत्सवात काळा रॅपर केंड्रिक लमारने एका गोऱ्या चाहतीला मंचावर बोलावलं. गाण्यातली काळ्यांना दिली जाणारी शिवी तिने जशीच्या तशी म्हटली, तेव्हा त्याने गाणं थांबवून तो शब्द गाळायला सांगितलं. हा नियम श्रोत्यांना कळतो, ट्रेडमार्क कार्यालयाला कसा कळणार?

अवांतर: बोलणारा कोण हे बघणारा कायदा आपल्याकडे आहे. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१) आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तरच लागतं. पंजाबची दलित गायिका गिन्नी माही ज्या जातीनामाने तिच्या लोकांना हिणवतात तेच अभिमानाने गाते, तिथे हे कलम आड येत नाही.

खडूस_वकील
अवांतर झकास, पण तो फौजदारी कायदा आहे, समोरच्या माणसाच्या अपमानाचा. नावाच्या मालकीचा नव्हे.

मालकीचंच बोलायचं तर निकालानंतर केंड्रिकच्या गाण्यातल्या त्याच शब्दासाठीही अर्ज आले. मानहानीचं कारण आता चालत नाही, पण कार्यालयाकडे दुसरं आहे: जो शब्द सगळेच वापरतात तो ऐकून माल कुणाचा हे गिऱ्हाइकाला कळत नाही, मग तो ट्रेडमार्क कसला? ‘स्लँट्स’ला ही अडचण आली नाही, कारण ते नाव घेऊन गाणारे दुसरे फारसे नव्हतेच.