मदत हवी आहे: ट्रॉम्बोन शिकायचाय, गावात मास्तर नाहीत

मंडळी, वय ४३, सांगलीकडचा, २० वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय त्यामुळे सूर कळतो, पण फुंकायचं वाद्य कधी हातात धरलं नव्हतं. दिवाळीत ओळखीच्या बँडवाल्याने धंदा बंद केला आणि त्याच्याकडचा मेरठचा जुना ट्रॉम्बोन मी हौसेने उचलला, बायको अजून त्यावरून बोलतेय.

अडचण अशी की पेटीत पट्टी दाबली की सूर, इथे नुसती सरकती नळी. सात जागा असतात म्हणे पण नळीवर एक खूण नाही. सा बरा लागतो, रे ला हात पार सहाव्या जागेपर्यंत ताणावा लागतो आणि तिथे रोज नवीनच रे निघतो. १५ मिनिटांत ओठ बधिर. स्लाइड अडकत होती म्हणून खोबरेल तेल घातलं, दोन दिवस झकास, मग थंडी पडली आणि ते आत थिजलं (हसू नका).

यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ बघून झाले, प्रत्येकजण वेगळीकडूनच सुरू करतो. नोटेशन सगळं बेस क्लेफमध्ये (खालच्या सुरांची पाश्चात्त्य स्वरलिपी), मला सारेगमच वाचता येतं. तर आधी कुठलं पुस्तक घेऊ आणि रोज काय क्रमाने करू एवढं कोणीतरी सांगा.

बँडवाला बाप्पा:
तेल आधी काढा हो! कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ फडका. पाणी गरम नको, लॅकर (पितळेवरचा चकाकीचा थर) जाईल. नंतर स्लाइडचं क्रीम अगदी पातळ लावायचं आणि वरून पाण्याचा फवारा, बस. मग स्लाइड उभी धरून बाहेरची नळी सोडून बघा (खाली दुसरा हात ठेवा!), आपल्या वजनाने सरसर खाली आली तर ठीक, मध्येच अडकली तर पोचा आहे, आधी दुरुस्ती. ओठांचं म्हणाल तर ५ मिनिटं वाजवा, ५ मिनिटं थांबा, बधिर ओठांनी रेटलं की माणूस माउथपीस दाबायला लागतो आणि ती सवय लवकर जात नाही.

न्यूजर्सीची आई:
आमचा लेक इथे शाळेच्या बँडमध्ये 'एसेन्शियल एलिमेंट्स' च्या पहिल्या भागावर शिकला. बेस क्लेफ त्यातच शून्यापासून शिकवतात, तेच घ्या. आर्बनचं पुस्तक सगळे सुचवतील, ते मुळात १८६४ चं कॉर्नेटसाठीचं (ट्रंपेटसारखं छोटं वाद्य), चांगलंच आहे पण पहिल्या वर्षी नको, दमछाक होते. पुढे रोशूने ट्रॉम्बोनसाठी बसवलेले बोर्दोन्यी या गायनगुरूचे धडे करा, मूळचे गाण्याचे रियाज आहेत ते, पेटीवाल्याला आवडतील.

काळीपाच:
तुमचा ट्रॉम्बोन साधा टेनर (नेहमीच्या मापाचा) असेल तर पहिल्या जागेचा सूर बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी). मोबाइलवर तंबोरा काळी पाचला लावा आणि नळी न हलवता नुसत्या ओठांनी खालून सा प सा ग प काढा, रोज १० मिनिटं, पुस्तक येईपर्यंत हेच. यातला ग पेटीशी ताडलात तर उतरा वाटेल, तंबोऱ्याशी बघा, चपखल बसतो.

रे चं दुखणं खालच्या सप्तकापुरतंच आहे. वरचा सा धरलात तर त्याचा रे तिसऱ्या जागेवरच येतो. सरकत्या नळीची हातात धरायची आडवी दांडी भोंग्याच्या तोंडाच्या किंचित अलीकडे म्हणजे तिसरी, किंचित पलीकडे म्हणजे चौथी. ही नुसती खूण हं, शेवटी कानच. आणि जागांमधलं अंतर सारखं नसतं, पुढे पुढे वाढत जातं, म्हणून सहावी सगळ्यांचीच चुकते.

मूळ धागाकर्ता:
काळीपाचसाहेब, आत्ता करून बघितलं, वरचा रे तिसऱ्या जागेवर खरंच लागला!! खालचा अजून वाऱ्यावरच आहे. बाप्पा, नळी चौथ्या जागेशी अडकतेय, पोचाच दिसतोय. मिरजेत तंतुवाद्यवाले गल्लोगल्ली आहेत पण पितळेची नळी सरळ करणारं कोणी आहे का आसपास?