चिक वेबच्या रेकॉर्डमध्ये ड्रम नीट ऐकू का येत नाही?

साइडड्रम_बाळीवेस:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो, वडिलांपासून घरात हेच चालत आलंय. लग्नसराई संपली की मोबाइलवर जुने अमेरिकन जॅझ ड्रमर ऐकत बसतो. जीन क्रुपाचं 'सिंग, सिंग, सिंग' ऐकलं आणि वेडच लागलं. काय घुमतात त्यातले टॉम-टॉम, म्हणजे किटमधले खोल आवाजाचे ड्रम! पुढं वाचलं की या क्रुपाला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात चिक वेब नावाच्या ड्रमरनं हरवलं होतं. म्हणून वेबचं 'अ-टिस्केट, अ-टास्केट' लावलं. गाणारी बाई झकास, पण ड्रम शोधावा लागतो. बेस ड्रम तर जवळपास नाहीच. जाणकारांनी सांगा, एवढं नाव कशासाठी? आणि ऐकायचं तर काय ऐकू?

पत्रा_सिंबल:
दादा, मीही सोलापूरचाच, ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. वेब हा माझा जीव की प्राण, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लावलेल्या रेकॉर्डमधली गाणारी बाई म्हणजे एला फिट्झजेराल्ड. वेबनं तिला 1935 मध्ये आपल्या बँडमध्ये घेतलं, तेव्हा ती अगदी पोरगी होती. 2 मे 1938 ला हे गाणं रेकॉर्ड झालं आणि अमेरिकाभर गाजलं. त्यात वेब मुद्दाम मागे राहिलाय, कारण गाणाऱ्याच्या अंगावर वाजवायचं नसतं. पण दुसऱ्याच दिवशी, 3 मे ला, त्याच बँडनं 'लायझा' रेकॉर्ड केलं. ते लावा. बँड छोटी ओळ वाजवून थांबतो आणि ती रिकामी जागा वेब भरतो. प्रत्येक वेळी वेगळी भरतो, कधी नुसत्या स्नेअरवर (म्हणजे आपला साइड ड्रमच), कधी सगळ्या किटवर. आणि कितीही गर्दीचं वाजवलं तरी बँड परत आत येतो तेव्हा सम एका केसानंही हललेली नसते. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐका, तोंडानं बोल म्हणत ऐका. मग 1937 चं 'हार्लेम काँगो' लावा, त्यात शेवटाकडे त्याला मोकळं सोडलंय.

माणूस बाल्टिमोरचा. लहानपणीच मणक्याचा क्षय झाला, पाठीला कुबड आलं, उंची जेमतेम चार फुटांवर थांबली. पेपर विकून पैसे जमवले आणि ड्रम घेतले. पुढं त्याचा बेस ड्रम 28 इंची होता, पेडल त्याच्या पायाला पोचेल असं खास करून घेतलेलं. समोर बसलेल्यांना ड्रमच्या मागं तो धड दिसायचाही नाही. नोटेशन वाचता येत नव्हतं, पण ट्रम्पेटची, सॅक्सची प्रत्येक ओळ पाठ. आपल्या बँडवाल्यांना यात नवल वाटणार नाही, पण सोळा-सोळा बारच्या गुंतागुंतीच्या अरेंजमेंट्स अशा डोक्यात ठेवणं ही चेष्टा नाही.

त्याचं घर म्हणजे हार्लेममधला सॅव्हॉय बॉलरूम. तिथं लोक नाचायला यायचे, ऐकायला बसायचे नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत हलगीवाला लेझीमच्या पोरांच्या पायांकडं बघून वाजवतो ना, त्याची नजर तशी नाचणाऱ्यांच्या पायांवर असायची. 'स्टॉम्पिन ॲट द सॅव्हॉय' हे 1934 चं त्याच्या बँडचं रेकॉर्डिंग याच जागेच्या नावाचं. तिथंच 11 मे 1937 ला बेनी गुडमनचा बँड क्रुपाला घेऊन आला आणि समोरासमोर सामना झाला. त्या रात्री वेब जिंकला, हे क्रुपानं स्वतः मोकळ्या मनानं कबूल केलं. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग झालं नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

आता बेस ड्रम. त्या काळी सगळा बँड मोजक्या मायक्रोफोनवर घ्यायचे आणि थेट तबकडीवर खाच कापायचे. खर्जातला जोराचा ठोका आला की खाच रुंद व्हायची आणि सुई उडायची भीती. 1927 च्या डिसेंबरात शिकागोत तरुण क्रुपा अख्खं किट घेऊन रेकॉर्डिंगला गेला, तेव्हाही स्टुडिओवाल्यांना हीच धास्ती होती. शिवाय दहा इंची तबकडीत तीन मिनिटं बसणार, त्यात सोलोला जागा कुठली? आणि मोबाइलच्या स्पीकरला खर्ज झेपतच नाही, हेडफोन लावा. बेस ड्रम आहे, चारही मात्रांवर हळू आवाजात आहे.

टॉमटॉम_प्रेमी:
सगळं मान्य, पण क्रुपाला हरलेला म्हणून बाजूला ठेवू नका. ड्रमर स्टेजच्या पुढं आला तो क्रुपामुळं. दोन्ही बाजूंनी सुरात लावता येणारे टॉम-टॉम स्लिंगरलँड कंपनीनं त्याच्यासोबतच पुढं आणले. गुडमनच्या बँडचं 'सिंग, सिंग, सिंग' हे 6 जुलै 1937 ला हॉलिवूडमध्ये बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर रेकॉर्ड झालं, इतका वेळ ड्रमला तेव्हा कोण देत होतं? 16 जानेवारी 1938 चं कार्नेगी हॉलमधलंही ऐका, ते आणखी लांब आहे आणि शेवटाकडं जेस स्टेसीचा पियानो आहे. त्याच रात्री वेब सॅव्हॉयवर काउंट बेसीच्या बँडशी भिडत होता.

साइडड्रम_बाळीवेस:
पत्रा_सिंबल दादा, हेडफोन लावून 'लायझा' ऐकलं. बेस ड्रम सापडला! आणि भरलेल्या जागा... त्याचा रोल इतका बारीक आणि सलग, माझ्या हाताला अजून तेवढं नाही येत. सरावाला लागतो. अजून एक विचारतो, समोर लोक असताना तो वाजवतोय असं काही मिळेल का? स्टुडिओतलं नको.

पत्रा_सिंबल:
मिळेल. 4 मे 1939, बॉस्टनमधल्या साउथलँड कॅफेमधून रेडिओवर थेट लागलेला कार्यक्रम. आवाज खरखरीत आहे, पण तीन मिनिटांचं बंधन नाही, त्यामुळं हात सुटलेत. 'लायझा' ज्यानं आधी ऐकलं असेल त्याला फरक लगेच कळतो, इथं तो बँडला अक्षरशः पुढं ढकलतोय. तेव्हा त्याची तब्येत पार ढासळली होती. 16 जूनला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये तो गेला आणि बँड एलाच्या नावानं पुढं चालला. रोलसाठी स्टिक घट्ट धरू नका, बोटांत सैल ठेवा आणि आधी सावकाश लयीत दोन्ही हातांचा आवाज सारखा करा. वेग नंतर येतो.