बंब पोहोचेपर्यंत : एप्रिल महिन्याचे अनुभव

एप्रिल संपला. आमच्या गावच्या आग-मदत पथकाच्या वर्दीवहीची (मदतीसाठी आलेल्या फोनांची नोंदवही) या महिन्यात सहा पानं भरली. पथक म्हणजे आम्ही गावातलीच चौदा-पंधरा माणसं: निम्मे द्राक्षवाले, एक वायरमन, एक मेडिकलवाला, बचत गटातल्या दोन ताई. फोन आला की हातातलं काम टाकून पळायचं. बंब तालुक्याहून निघतो. वाटेत रेल्वे फाटक लागतं, बाजाराचा दिवस असला तर गर्दी. आम्ही चाळीस मिनिटं धरूनच चालतो.

14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. शाळेत हे सांगत होतो तेव्हा पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, आपल्याकडे बंब येईपर्यंत कोण येतं?" त्या प्रश्नावरून हे सुचलं. आपल्या नाशिक जिल्ह्यात जिथे कुठे तुम्ही धावून गेला असाल, तिथलं लिहा. काय चुकलं तेही लिहा. माणसांची नावं नकोत. आलेले अनुभव असे:

निफाड तालुका, ब्लोअर ट्रॅक्टर चालवतो

कांदाचाळीला आग लागली, दुपारी दोनची वेळ. उन्हाळ कांदा नुकताच भरलेला. आग आधी धरते ती छपरावरच्या उसाच्या पाचटाला, मग बांबूला. सगळे बादल्या घेऊन ज्वाळेकडेच पळत होते, मीही पळालो. त्यात पहिली दहा मिनिटं वाया गेली. शेवटी एका म्हाताऱ्या नानांनी ओरडून सांगितलं, "पेटलेलं सोडा, पुढचं तोडा!" मग ट्रॅक्टरला साखळी लावून मधलं छप्पर ओढून पाडलं आणि आग तिथे थांबली. अर्धी चाळ वाचली.

माझ्या ब्लोअरची, म्हणजे बागेत औषध फवारायच्या यंत्राची, टाकी 600 लिटरची. पंखा बंद ठेवायचा, नाहीतर वाऱ्यानं आग भडकते. फक्त गन जोडून मारायचं. आणखी एक सांगतो, हे मला त्या दिवशी उशिरा सुचलं: द्राक्षाच्या खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीच्या) दिवसांत टाकीत औषधाचं पाणी असू शकतं. ते आगीवर मारलं तर त्याची वाफ आपल्याच छातीत जाते. आता मी काम झालं की टाकी धुऊन साध्या पाण्यानं भरून ठेवतो.

येवल्याकडून, बचत गट

शेजारच्या घरी रात्री गॅसचा वास आला. जाऊबाई दिवा लावायला बटणाकडे गेल्या, सासूबाईंनी हात धरला म्हणून वाचलो. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो. रेग्युलेटर बंद केला, दारं उघडली, मुलांना अंगणात नेलं आणि बाहेर आल्यावर गॅसगळतीच्या 1906 नंबरला फोन केला. दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत सगळ्यांना आपापल्या सिलेंडरची नळी तपासायला लावली. चार घरच्या नळ्यांना चिरा निघाल्या.

त्र्यंबकेश्वरच्या बाजूनं

आमच्याकडे एप्रिल म्हणजे वणवा. भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागी पालापाचोळा पसरून जाळतात, वारं फिरलं की ठिणगी गवतात जाते. कुणी मुद्दाम लावतं, कुणाची बिडी पडते. राब भाजणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याची रोपं त्यावरच उगवतात. पण संध्याकाळी वारं पडल्यावर, चार माणसं आणि पाणी जवळ ठेवून भाजा, एवढंच घरोघर सांगत फिरतो.

या महिन्यात अंजनेरी डोंगराच्या बाजूच्या एका उतारावर रात्री आठला आग दिसली. तिथे गाडी जात नाही, पाणी नाही. हिरव्या फांद्या तोडायच्या आणि कडेनं झोडपत जायचं. डोंगर चढणाऱ्या आगीच्या वर कधीही उभं राहू नका, ती माणसापेक्षा जोरात चढते. आम्ही खालून दोन्ही बाजूंनी चेपत गेलो. वनखात्याची माणसं वर जाळरेषेपाशी (आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच गवत काढून केलेल्या पट्ट्यापाशी) होती. पहाटे तीनला विझली. अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदवर्गी वनस्पती आहे, डोंगराचंच नाव तिला मिळालंय. पावसाळ्यात ती पुन्हा उगवलेली बघायला मी दरवर्षी जातो. यंदाही जाणार. परतताना भाजलेल्या गवतात टिटवीची अंडी दिसली, काळी पडलेली. ते डोळ्यांपुढून जात नाही.

सिन्नर तालुका

विहिरीत बिबट्या. वनखात्याच्या 1926 नंबरला फोन केला. तोवर बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून खाली सोडली, तो चढून बसला. बिबट्यापेक्षा गर्दी आवरणं अवघड गेलं. कठडा जुना, त्यावर पोरं चढलेली. पुढच्या वेळी आधी गर्दीला दोर लावायचा, मग विहिरीकडे बघायचं.

कळवण

चैत्रोत्सवाला खान्देशातून पायी येणारे भाविक सप्तशृंगी गडाकडे जातात. दुपारच्या डांबरावर एक आजी कोसळल्या. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. सावलीत नेलं, ओल्या चादरीत गुंडाळून पदरानं वारा घातला, 108 बोलावली. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका, लोक हट्टानं घालतात. आजी वाचल्या.

चांदवड तालुका

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

वर्दी आली ती शेततळ्याची. बारा वर्षांचा मुलगा, बकऱ्यांना पाणी काढायला गेलेला. तळ्याला प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. एकदा पाय घसरला की पट्टीचा पोहणाराही वर येत नाही, धरायला काहीच नसतं. काठापासून दोन हातांवर माणूस बुडतो. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याचा चुलत भाऊही पाण्यात होता, त्याला काढायला उतरलेला. तो कागदाला नखं लावून तग धरून होता. त्याला दोर टाकून ओढला. लहान्याला काढायला गळ टाकावा लागला.

मी मेडिकलवाला आहे, छाती दाबत राहिलो. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मला बाजूला केलं तोवर दाबतच होतो.

त्या तळ्याला दोर नव्हता. आसपासच्या एकाही तळ्याला नव्हता. आम्ही सगळे रोज तिथून जातो, आगीसाठी पथक काढलं, आणि हे कुणालाही दिसलं नाही.

वायरमन, आमच्याच पथकातला

डीपीजवळ (विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) आग असेल तर पाणी मारू नका, आधी सबस्टेशनला फोन करून फीडर, म्हणजे तिकडे येणारी लाइन, बंद करून घ्या. लाइन बंद झाल्याचा निरोप आल्याशिवाय तारेला काठीही लावू नका. बाकी चांदवडच्या दादांचं वाचून आज कामावर लक्ष लागलं नाही. दोर कुठला आणि कसा बांधायचा, ते कुणी लिहील का?

पुन्हा चांदवड

दादा, नायलॉनचा जाड दोर घ्या, अंगठ्याएवढा. दीड-दीड फुटावर गाठी मारा, ओल्या हाताला गाठीच सापडतात. बांधायला कुंपणाचा खांब नको, तो उपटून येतो. बांधावर वेगळा लोखंडी अँगल ठोका. खालचं टोक पाण्यात चार-पाच फूट गेलं पाहिजे, कारण उन्हाळ्यात पातळी उतरते. चारही बाजूंना एकेक. एका दोराच्या टोकाला हवा भरलेली ट्यूब. उन्हानं नायलॉन कडक होतो, म्हणून दरवर्षी ओढून बघा आणि बदला. मुलांना वाचता येईल अशी पाटी लावा: कुणी पडलं तर उडी मारू नका, ट्यूब टाका आणि ओरडा.

आमच्या शिवारातली सात तळी झाली, अकरा बाकी आहेत. मुलाचे वडील रोज बरोबर येतात, अँगल तेच ठोकतात. रविवारी सकाळी सातला निघतोय. जवळच्या कुणाकडे पहार असेल तर घेऊन या.